वीज पडलेली बोट

२०१७च्या ऑगस्टमध्ये हॅलिफॅक्सच्या मरीनातून, म्हणजे बोटी बांधून ठेवतात त्या धक्क्यावरून, फोन आला, की तुमच्या बोटीवर वीज पडली असावी. ‘असावी’ म्हणजे काय, ते त्या माणसालाही नीट सांगता येईना. वादळात शेजारच्या बोटीवरून कुणीतरी लख्ख उजेड पाहिला होता, एवढंच.

बोट माझ्या नवऱ्याची. हौसेने घेतलेली, जुनी, शिडाची. आणि तो सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेलेला. मला त्या बोटीतलं शीड आणि डोलकाठी एवढंच ओळखता यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटी तपासणाऱ्या एक बाई आल्या. साठीच्या, गुडघ्यांना पॅड बांधलेल्या.

“बोट तर धडधाकट दिसतेय,” मी म्हटलं. खरंच, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्या मान वर करून बघत राहिल्या. डोलकाठीच्या टोकावरची अँटेना गायब होती.

आत गेलो. रेडिओ मेलेला, पण दिवा लागला. फ्रिज बंद, पंखा चालू. पाण्याची खोली मोजणारं यंत्र धक्क्यालगत तीनशे फूट दाखवत होतं. बोटीवरच्या होकायंत्राची उत्तर दिशा त्यांच्या हातातल्या होकायंत्राशी जुळेना. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट एक तर नॉर्मल असतो, नाहीतर नसतो. काय चालू, काय बंद, याची यादी करायला घेतली आणि दहा मिनिटांत सोडून दिली, कारण तेवढ्यात पंखाही थांबला.

मग त्यांनी केबिनच्या तळाची एक फळी उचलली. खाली दोन पेरं पाणी.

“पावसाचं असेल,” मी म्हणाले.

“चाखून बघा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी स्वतःच तर्जनी बुडवून जिभेला लावली. मीही लावली.

“खारट आहे.”

“म्हणजे समुद्र आत येतोय. बोट आजच्या आज पाण्याबाहेर काढू.”

नेमका तेव्हाच नवऱ्याचा व्हॉट्सअॅप कॉल आला. “अगं, बोट ठीक आहे ना?”

“माहीत नाही रे. दिवा लागतोय. पण पाणी खारट आहे.”

“समुद्राचं पाणी खारटच असणार ना!”

मी हो म्हणून फोन ठेवला.

दुपारी क्रेनने बोट उचलली. मी मोठं भगदाड शोधत होते. बाईंनी तळ पुसला आणि प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत, कान देत फिरल्या. मग एके ठिकाणी थांबून मला बोलावलं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं, त्यातून पाणी आता बाहेर पाझरत होतं. एक, दोन, करत आम्ही सतरा मोजली.

“वीज इथूनच पाण्यात उतरली,” त्या म्हणाल्या.

“सगळी सापडली का?”

“मला दिसली तेवढी सापडली.”

भोकं बुजवून बोट पुन्हा पाण्यात गेली. नवरा परत आला, खूश झाला. मग बोटीच्या बॅटरीचा चार्जर गेला, पाठोपाठ दिवे. “हे विजेमुळे, की जुनी आहे म्हणून?” तो दर वेळी मला विचारायचा. मी बाईंना फोन केला. सांगता येत नाही, म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात विकायला काढली. बघायला आलेल्या जोडप्याला नवऱ्याने विजेचं सांगून टाकलं. “मग नेमकं काय बिघडलं?” त्यांनी विचारलं. तो पंखा, चार्जर, दिवे सांगायला लागला, मी सतरा भोकं. त्या दोघांनी तासभर सगळं ऐकून घेतलं आणि ती पुन्हा आली नाहीत. बोट अजून आमच्याकडेच आहे.