आयर्लंडच्या बाई

आयर्लंडच्या बाई कोणालाही ‘गाव कोणतं?’ असे विचारीत नसत. त्या विचारीत, ‘गाव का सोडलंत?’ मस्कतमधल्या मराठी माणसांत हा प्रश्न असभ्य समजला जातो, कारण येथे आलेल्या प्रत्येकाने त्याचे एक सभ्य उत्तर तयार करून ठेवलेले असते: मुलांची शिक्षणे व्हायची आहेत, घर बांधायला काढले आहे, आणि शेवटी परत जायचेच आहे. बाई हे सगळे शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, ‘हे झालं इथे का आलात त्याचं. मी विचारलं, तिथून का निघालात.’ मस्कतच्या सीब भागातल्या एका घरी गणपतीची आरती झाल्यावर, प्रसादाचा द्रोण हातात असताना, त्यांनी मलाही हेच विचारले. मी बांधकाम कंपनीच्या कायदा विभागात करारांचे मसुदे तपासणारा माणूस. उलटतपासणी घेणे हा माझा अधिकार आहे, दुसऱ्याचा नव्हे, अशी माझी समजूत होती. मी चिडलो. घरी जाऊन रात्रभर उत्तर शोधत राहिलो, आणि ते सापडले नाही म्हणून आणखी चिडलो.

बाई आयर्लंडला कधी गेलेल्या नव्हत्या. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका खाजगी शाळेत त्या भूगोल शिकवीत, आणि त्यांच्या पाठ्यपुस्तकात आयर्लंडच्या लोकसंख्येवर एक धडा होता. देशाच्या पूर्वेला माणसांची दाटी, पश्चिमेला मैलोगणती कोणी नाही. हे असे का, एवढाच त्याचा विषय. इतर शिक्षक तो धडा एका तासात उरकीत. बाई त्यात आठवडा घालवीत. मुले त्यांना ‘मिस आयर्लंड’ म्हणत, आणि हे बाईंच्या कानावर आले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘या वयात मुकुट मिळाला, नाही कशाला म्हणू?’ धड्यात पश्चिमेकडच्या शेतांचे एक छायाचित्र होते: काळपट खडक, त्यावर मूठभर माती, आणि नुसते दगडावर दगड रचून घातलेली कुंपणे. ते त्यांनी मला पुढच्याच भेटीत काढून दाखवले. ‘हे आमचे गडगे,’ त्या म्हणाल्या. ‘देवगडात आमच्या सड्यावर, डोंगरावरच्या त्या उघड्या माळावर या. असाच कातळ, असेच गडगे, आणि आत असंच कोणी नाही.’

धडा शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी त्या मुलांकडून कारणे काढून घेत. पूर्वेला सपाट, कसदार जमीन. शेजारच्या मोठ्या देशाकडे तोंड करून असलेली बंदरे. राजधानी, कारखाने, विद्यापीठे. देशातले सगळे रस्ते आणि रूळ तिकडेच जाणारे. पश्चिमेला दलदल, खडक, महासागराचा वारा आणि न थांबणारा पाऊस. वाटण्या होऊन होऊन चिंधी झालेली शेते. बटाट्यावर पडलेला रोग, दुष्काळ, आणि अमेरिकेला जाणारी जहाजे. मुले सर्व बरोबर सांगत. मग बाई खडू खाली ठेवीत आणि विचारीत, ‘हे सगळं कळलं. आता सांगा, शेवटचा माणूस का गेला?’  हुशार मुलगी पुन्हा खडकापासून सुरुवात करी. बाई मान हलवीत. ‘खडक पहिल्या दिवसापासून होता. त्यावर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शेवटचा गेला तो शेवटून दुसरा गेला म्हणून. दुकान चालेना, शाळेला मुलं मिळेनात, मुलाला बायको मिळेना. एकट्याला गाव चालवता येत नाही.’

मला हे उत्तर पटत नसे. मी आयुष्यभर असे मानत आलो की नुकसान झाले की नुकसान करणारा असतो, आणि त्याला नोटीस काढता येते. आमच्या कचेरीतला सालिम नावाचा ओमानी कारकून डोंगरातल्या एका गावचा. गुरुवारी संध्याकाळी तो गाडी काढी आणि आजोबांच्या खजुराच्या बागेला पाणी देऊन शनिवारी परत येई. त्याचे सगळे भाऊबंद किनाऱ्यावर उतरले होते, जुन्या मातीच्या घरांची छपरे खचली होती. मी बाईंना म्हटले की यांच्याकडे तेल होते, पैसा होता, रस्ता होता. तरी गाव रिकामे का? बाई म्हणाल्या, ‘रस्ता केला की गावात माणसं येतील असं सरकारला वाटतं. रस्त्याने जाताही येतं, वकीलसाहेब.’ मी कधीही वकिली केलेली नाही. पण त्यांनी मला शेवटपर्यंत वकीलसाहेबच म्हटले, आणि त्यातली टोचणी त्यांनी लपवली नाही.

ज्या गोष्टीमुळे आमचा स्नेह जडला, ती त्यांच्या गावची शाळा. बाईंचे वडील त्या शाळेचे मास्तर होते. बाई तिथेच शिकल्या. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, आता पटावर मोजकी मुले, आणि तीही एकाच घरातली, संतोष नावाच्या एका माणसाची. संतोष दुसऱ्याच्या हापूसच्या कलमांची राखण करी. पट इतका खाली गेला तेव्हा शाळा बंद करून मुले वहाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेत पाठवण्याचे ठरले. खात्याच्या भाषेत याला ‘समायोजन’ म्हणतात. माणसाच्या तोंडात हा शब्द ठेवायला लाज वाटली पाहिजे. बाईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, ‘तुम्हाला भांडायला कोणीतरी हवं असतं ना? घ्या.’

मी घेतले. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एका किलोमीटरच्या आत असली पाहिजे. कचेरीत बसून कोणीतरी नकाशावर पट्टी ठेवली होती आणि पलीकडची शाळा त्या मर्यादेत बसवली होती. त्या पट्टीखाली वहाळ होता. त्यावरचा साकव, म्हणजे ओंडके टाकून केलेला पूल, दर पावसाळ्यात वाहून जातो, आणि मग पोराला डांबरी रस्त्याने डोंगराला वळसा घालून जावे लागते. बाईंनी मस्कतच्या माबेला भागातल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून तो सगळा परिसर स्मरणाने काढला. त्यांचे यजमान अण्णा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, त्यांनी तो नकाशा शाई देऊन रेखून दिला. मी अर्ज लिहिला. उत्तर आले नाही. मी स्मरणपत्र लिहिले, मग वरच्या कार्यालयाला लिहिले, मग त्याच्याही वरच्या. अशी पत्रे लिहिताना राग चढत जातो तशी माझी भाषा अधिकाधिक सभ्य होत जाते. अण्णा म्हणत, ‘यांचं ‘सविनय’ वाचलं की मला भीती वाटते.’

एका शुक्रवारी आम्ही तिघे जेवायला बसलो असताना गावाहून संतोषचा फोन आला. बाईंनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो अडखळत म्हणाला, ‘काकी, अण्णांका सांगा मा. थंय माका कायव काम चलात. डायवरचा, हेल्परचा.’

बाईंनी विचारले, ‘आणि पोरं?’

‘पोरां आणि त्येंची आवस कणकवलेक ऱ्हवतली. थंय इंग्लिश शाळा आसा. माझ्यासारख्या नको त्येंचा, काकी.’

बायकोमुलांना कणकवलीला ठेवून त्याला मस्कतला यायचे होते. मी हाताने जोरजोराने नकार देत होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि फोनवर शांतपणे सांगितले की अण्णा मालकाशी बोलतील.

फोन ठेवल्यावर मी जे बोललो ते पाहुण्याने यजमानाच्या घरी बोलू नये असे होते. ज्या मुलांसाठी आपण इतके महिने झगडतो आहोत, त्यांच्या बापाला तुम्ही स्वतःच्या हाताने गावातून काढता आहात. मग माझ्या अर्जात मागणी तरी कोणती राहिली?  बाई म्हणाल्या, ‘मग काय करू? शाळा चालू राहावी म्हणून त्याला दुसऱ्याच्या आंब्यांवर राखण करत ठेवू? माझ्या बाबांची शाळा, आणि किंमत त्याने द्यायची?’

मग त्यांनी विचारले, ‘तुम्हाला इथे कोणी आणलं, वकीलसाहेब?’

मला माझ्या चुलत्याने आणले. अण्णांना त्यांच्या मामाने आणले होते. आम्हा कोकणातल्या माणसांची ही रीत आहे, आणि आम्ही तिला पुण्य समजतो: आपण आलो की गावातल्या एकाला आणायचे, त्याने पुढच्याला. ज्याने असे कोणाला आणले नाही, त्याला वाडीत कोणी मान देत नाही. अण्णांनी त्याच आठवड्यात आपल्या अर्बाबला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या मालकाला गाठले. शाळेचे नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी संतोष माबेल्यात कामगारांच्या खोलीवर राहायला आला, आणि त्याची मुले कणकवलीच्या शाळेत गळ्याला टाय बांधून जाऊ लागली.

गणपतीच्या सुमारास माझ्या अर्जावर आदेश आला. नकाशा ग्राह्य धरला होता, अंतराची हरकत मान्य केली होती, आणि समायोजन रद्द करून शाळा चालू ठेवण्यास सांगितले होते. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत स्वच्छ विजय. मी तो कागद घेऊन माबेल्याला गेलो. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग त्यांनी सांगितले की गावच्या मास्तरांचा सकाळीच फोन आला होता. आदेश त्यांनाही मिळाल्यामुळे ते रोज दहाला शाळा उघडतात, फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहितात, आणि पाचला कुलूप लावून घरी जातात. ‘तुम्ही जिंकलात,’ बाई म्हणाल्या. ‘माझं पत्र पाठवून मास्तरांना बदली मागायला सांगते. वेड लागेल त्यांना.’ वर्ष संपण्यापूर्वी ती शाळा कोणताही आदेश न निघता बंद झाली.

संतोष दर शुक्रवारी बाईंकडे जेवायला येई आणि मुलांच्या इंग्रजी कविता फोनवर लावून दाखवी. बाई त्या पूर्ण ऐकत, उच्चार सुधारून देत. मी त्याच्याशी बोलत नसे. एकदा तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘त्याच्यावर डूख धरू नका. तो चुकलेला नाही. कोणीच चुकत नाही, म्हणून तर गावं ओस पडतात. एखादा चुकला असता तर तुम्ही त्याला पत्र लिहून वठणीवर आणलं असतं.’ मी त्यांना विचारले की मग या सगळ्यात प्रतिवादी कोण. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या या दाव्याला प्रतिवादी नाही.’  हे लिहितानासुद्धा माझा संताप कमी झालेला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळा ऐन भरात असताना बाई घरीच, स्वयंपाकघरात, कोसळल्या. इस्पितळात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. त्यांनी अण्णांना अनेकदा सांगून ठेवले होते की मला सड्यावर न्या, बाबांना जिथे अग्नी दिला तिथेच द्या. मृतदेह मायदेशी नेण्याचे काम हा कागदपत्रांचा डोंगर असतो: मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, वकिलातीचे पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, विमान कंपनीची पावती. निदान हे मला करता येते. मी कचेऱ्यांच्या दारांत उभा राहिलो, आणि संध्याकाळपर्यंत सर्व कागद एका पाकिटात घालून अण्णांच्या हातात ठेवले.

अण्णांनी गावी फोन लावला. तिकडून त्यांच्या शेजारचे आबा बोलत होते. गावात उरलेल्या पुरुषांत चालू शकणारे तेवढेच. ते आधी रडले. मग म्हणाले, ‘घेवन येवा, अण्णा. पण रस्त्यापासून वर सड्यार चढयतलो कोण? खांदेक माणूस नाय.’ वहाळापलीकडच्या गावात विचारून बघतो, असे ते म्हणाले. पण तिथलेही आता मुंबईला असतात.

अण्णांनी फोन मांडीवर ठेवला. माबेल्यातली ती छोटी बैठकीची खोली, बाहेरचा जिना आणि खालचे अंगण माणसांनी भरलेले होते. शहरभरातून, अमेरातहून, सीबहून, रुवीतल्या दुकानांतून लोक आले होते. कोणी कंपनीच्या गणवेशातच, कोणी कामावरून रजा न घेता. त्यांतल्या बहुतेकांना बाई नावाने हाक मारीत, कारण ते त्यांच्याच गावचे होते. दाराशी उभा असलेला संतोष पुढे आला आणि अण्णांजवळ खाली बसला.

‘अण्णा,’ तो म्हणाला, ‘आमी सगळी हयच आसंव.’

 अण्णांनी कागदपत्रांचे ते पाकीट मला परत दिले.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढण्यापूर्वी आम्ही बाईंना इथल्याच स्मशानभूमीत नेले. त्यांच्या गावची एवढी माणसे एके ठिकाणी जमलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. गाडीपासून चितेपर्यंतचे अंतर इतके थोडे होते, की सगळ्यांना खांदा देता आला नाही.