बाळ्याचं पांढरं कापड

शवपेटीला आतून अस्तर लावायचं, हे मावशींचं काम. सुताराकडून पेटी आली की कापड बेतायचं, कडेनं बारीक खिळे ठोकायचे. चर्चचा नियम होता, नकळत्या लेकरांना पांढरं आणि जाणत्यांना राखाडी. लेकरं निष्पाप, बाकी सगळे पापी. मावशींनी जन्मभर निमूटपणे हेच केलं.

त्यांचा मुलगा बाळ्या. वय चाळिशीला टेकलेलं, दाढी पिकायला लागलेली, समज मात्र चार वर्षांच्या पोराची. दोऱ्याची रिकामी रिळं एकावर एक रचायची, पडली की टाळ्या पिटायच्या. दर रविवारी तो आईमागे रांगेत उभा राहून प्रभुभोजनासाठी हात पुढे करायचा. पाद्रीबाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून पुढे सरकायचे.

"मावशी, लेकरू आहे ते. ह्याला पाप म्हणजे काय तेच कळत नाही. ह्याला कशाला हवी भाकर?"

बरं, लेकरू तर लेकरू. मावशी त्याचा हात धरून घरी निघायच्या. बाळ्या मात्र घरी येईपर्यंत रिकामा तळहात चाटायचा.

मग बाळ्या तापानं गेला. मावशींनी त्याच्या पेटीला पांढरं लावायला घेतलं. पाद्रीबाबा दारातच थबकले.

"हे काय मावशी? राखाडी लावा."

"लेकरू आहे ते. तुम्हीच म्हणायचात."

"तसं नव्हे. सगळ्यांनी पाप केलंय, असं शास्त्र सांगतं. आईच्या पोटातसुद्धा माणूस पापातच असतो."

"मग तान्ह्यांना पांढरं कसं चालतं?"

"स्वर्गाचं राज्य लेकरांचं, हेही शास्त्रच सांगतं."

"मग माझा कशात बसतो?"

पाद्रीबाबा घुटमळले. "दोन्ही खरं आहे, मावशी. पण दाढीवाल्या माणसाला पांढरं? उद्या सगळेच मागतील. पांढरं असेल तर मी प्रार्थना म्हणणार नाही."

घ्या. भाकरीच्या वेळी लेकरू आणि मातीच्या वेळी बाप्या. प्रार्थनेवाचून लेकाला पुरायची मावशींची छाती झाली नाही. एकेक खिळा उपटून त्यांनी राखाडी लावलं, आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं, सगळेच पापी ना? मग यापुढे तान्हं असो की म्हातारं, सरसकट राखाडी. इतर आयांनाही कळू दे कसं वाटतं ते.

थोड्याच दिवसांत हातभर लांबीची पेटी आली. सुतार मान खाली घालून ठेवून गेला. मावशींनी हट्टानं राखाडी कापड ओढलं, कात्री उचलली. हात काही चालेना. स्वतःचाच भयंकर राग आला त्यांना. शेवटी ट्रंकेतून बाळ्याचं उपटलेलं पांढरं काढलं, खिळ्यांची भोकं आत मुडपली आणि तेच बेतलं.

पुरायच्या वेळी पाद्रीबाबांनी अस्तरावरून हात फिरवला. "छान झालंय, मावशी. अगदी नियमाप्रमाणे."

"बाळ्याचं कापड आहे ते," मावशी म्हणाल्या.

पाद्रीबाबांनी हात मागे घेतला.

"म्हणा आता प्रार्थना," मावशी म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या राहिल्या.