तू तेवढा कॅमेरा बंद ठेव

"तू एमए करतेस की मेंढरं राखतेस?"

सरांनी असं विचारलं आणि मोबाइलमधले सगळे चौकोन हसायला लागले. सगळे म्यूटवर. आवाज नाही, नुसते दात.

खरं तर मी दोन्ही करत होते. 

दुष्काळाचं वर्ष होतं. कॉलेजच्या वसतिगृहाला टँकर पुरेना, म्हणून आम्हा मुलींना घरी पाठवलं आणि तास मोबाइलवर सुरू केले. घरी जा म्हणणं सोपं. पिशोरकडच्या घराला कुलूप लावून आमचं बिऱ्हाड शहराकडं आलं होतं. तिकडं चारा नव्हता. हर्सूलच्या पलीकडं शेतं मोडून प्लॉट पाडलेत, तिथं माझ्या वडलांनी, आबांनी, पाल ठोकलं होतं. घरं अजून उठली नव्हती. रंगवलेल्या दगडांच्या मधलं वाळकं गवत आमची मेंढरं खात होती. कॉलेज तिथून रिक्षाच्या अंतरावर, आणि मी मोबाइलमधून कॉलेजात जात होते.

सरांचा नियम होता, कॅमेरा चालू असेल तरच हजेरी. म्हणून मी पाठीमागं दोरीवर आबांचं घोंगडं टाकायचे. काळंभोर, छान दिसायचं. एकदा वर्गातल्या एकीनं विचारलं, "भिंतीला कुठला रंग दिलाय गं?" मी ऐटीत सांगितलं, डार्क ग्रे.

त्या दिवशी तास चालू असताना एक मेंढी व्याली. ओलं कोकरू गुंडाळायला आबांना हाताशी काही सापडेना. त्यांनी दोरीवरचं घोंगडं ओढलं. माझी भिंत गेली. मागं मेंढरं, तीन दगडांच्या चुलीपाशी भाकरी थापणारी माय. आणि आबा कोकरू छातीशी धरून माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावले.

"कोन हाय गं?"

तेव्हा सर ते मेंढरांचं बोलले. वर म्हणाले, "तू तेवढा कॅमेरा बंद ठेव. बाकीच्यांनी चालू ठेवा. वर्गाला काही शिस्त असते."

तास संपायच्या आत ग्रुपवर स्टिकर आलं. आबांचा चेहरा, कोकरू, माझं उघडं तोंड. खाली लिहिलेलं, 'प्रेझेंट सर'. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी, माझ्या डब्यातली चटणी खाणारी सिल्लोडची मैत्रीण. तिनंही खाली हसरं तोंड टाकलं. पुढं ते स्टिकर सगळ्याच कामाला लागलं. कुणी उशिरा आलं की स्टिकर, कुणी पीडीएफ मागितली की स्टिकर. माझा बाप त्या ग्रुपवर दिवसभर फिरत होता.

"माझ्यामुळं हसले व्हय गं ते?" आबांनी विचारलं.

"नाय आबा. नेट गेलं व्हतं."

"मंग तू कामून रडू राह्यली?"

मी मोबाइल पालथा ठेवला. आबा कोकराला घेऊन त्याच्या आईच्या आचळाशी लावायला गेले.

नंतर मी एक काळा चौकोन झाले. मधोमध माझ्या नावाचं पहिलं अक्षर. त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी स्क्रीनवर हात वर करायचे, सर पुढं जायचे. उत्तर लिहून टाकायचे, ते इतरांच्या 'येस सर'खाली बुडून जायचं. मैत्रिणीचा फोन थांबला. मीही केला नाही. भोवती एवढा कळप, कानात अख्खा वर्ग, आणि बोलायला माणूस नाही. मोबाइल चार्ज करायला प्लॉटिंगच्या वॉचमनच्या खोलीत जायचे, तो विचारायचा, "झालं का कॉलेज?" दिवसभरात माझ्याशी माझ्या कॉलेजबद्दल बोलणारा तो एकटाच.

मग सेमिनारचा दिवस आला. त्याला मार्क होते. सरांनीच दिलेला विषय, शहराची वाढ आणि चराऊ जमीन. मी त्यासाठी आमच्या पालाभोवतीचे फोटो काढले होते. आबांनी विचारलं, "घोंगडं बांधू का गं?" मी म्हणाले, "नको आबा. ऱ्हाऊ द्या." आणि कॅमेरा चालू केला.

"बंद ठेव म्हटलं होतं ना?"

"सर, बाकीच्यांचा चालू आहे."

पुढच्या क्षणी मी बाहेर. पुन्हा आत जायला गेले तर पाटी आली, 'थांबा. तुम्हाला लवकरच आत घेतलं जाईल.' मी थांबले. बसून राहिले. समोर माय कळशी घेऊन बोअरपाशी उभी होती. वॉचमन हो म्हणेपर्यंत ती रोज तशी उभी राहते. तिची पाठ बघितली आणि माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले.

रिक्षात बसले. हातातल्या मोबाइलवर पाटी तशीच होती. थांबा.

विभाग ओस पडलेला. सर केबिनमध्ये एकटेच, दाराकडं पाठ, कानाला हेडफोन. मी दार ढकललं आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यांच्या लॅपटॉपवर सगळा वर्ग होता. सरांचा चौकोनही होता, आणि त्यात त्यांच्या खांद्यामागं मी. पायात लेंड्यांनी माखलेल्या चपला, त्या तेवढ्या दिसत नव्हत्या. पहिल्यांदा मैत्रिणीला दिसले. तिचा हात तोंडावर गेला. मग एकेकाचं हसू मावळलं. सर दचकून वळले.

"तू? इथं कशी आलीस?"

"रिक्षानं. तुम्ही आत घेत नव्हतात."

त्यांचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"मिटू नका सर. माझा सेमिनार आहे."

आणि मी बोलायला लागले. मोबाइलमधले पालाभोवतीचे फोटो कॅमेऱ्यासमोर धरले आणि शेवटपर्यंत बोलले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी प्रश्न विचारला नाही. सरांनी मला काठावर पास केलं. मैत्रिणीनं 'सॉरी यार' पाठवलं, त्याला मी उत्तर दिलेलं नाही. स्टिकर अजून कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये असेल.

असू दे. पण मी आता पाठीमागं काही बांधत नाही. घोंगडं कोकराच्या कामाचं आहे. माझ्या मागं माझी माय आहे, आबा आहेत, मेंढरं आहेत, ती दिसणार. ज्याला बघवत नसेल, त्यानं आपला कॅमेरा बंद करावा.