कळण्याची घंटी

कळण्याचं पीठ सुरतेत दळून मिळायचं नाही, इथून सगळी भानगड सुरू झाली. कळणा म्हणजे ज्वारी, तिच्यात सालासकट काळे उडीद, थोडी मेथी आणि खडेमीठ, सगळं एकत्र दळलेलं. त्याची काळपट भाकरी, वर कच्चं तेल आणि बाजूला ठेचा असला की आम्हा खान्देशी माणसांना दुसरं काही लागत नाही. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं धुळे-जळगावकडची. पुरुष लूमवर, बाया घरी बसून साड्यांवर चमकीच्या टिक्या चिकटवायच्या. पण नाक्यावरच्या घंटीवाल्याकडे (सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटीच म्हणतात) कळण्याचा डबा नेला की तो हातच जोडायचा. काळ्या उडदाने पुढच्याचं गव्हाचं पीठ काळं होतं आणि मीठ माझं लोखंड खातं, म्हणायचा. त्याचंही खोटं नव्हतं. मग काय, गावाकडून कोणी भुसावळ पॅसेंजरने येणार असेल तर त्याच्या डोक्यावर पिठाची गोणी द्यायची, आणि ते पीठ इथे पोचेपर्यंत जुनं.

ही नव्वदनंतरची वर्षं. मी तेव्हा तिशीच्या आत होते आणि माझे डोळे गेले होते. गेले म्हणजे अगदी आंधळी नव्हते झाले, पण टिक्या लावून लावून संध्याकाळी सुईचं नेढं दिसेना. डोळ्यातून सारखं पाणी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काम सोड, नाहीतर चाळिशीत काठी घेशील. सोड म्हणे! सोडून करू काय? घरात एका पगारावर सात तोंडं.

तेव्हा मला घरघंटी सुचली. पेपरात जाहिरात आली होती, घरच्या विजेवर चालणारी छोटी घंटी, ऑर्डर नोंदवा, घरपोच मिळेल. चित्रात दगडाची जोडी स्वच्छ दिसत होती. मी मनात म्हटलं, गल्लीतल्या सगळ्यांना कळणा पाहिजे आणि दळून द्यायला कोणी नाही. माझे डोळे वाचतील, हात रिकामे राहणार नाहीत. माहेराहून म्हशीच्या विक्रीतला माझा वाटा आला होता तो आणि भिशीचे पैसे, सगळं घातलं. आमचे हे म्हणाले, तुला पटतं तर कर. सासूबाई मात्र तोंड फिरवून बसल्या. त्यांचं म्हणणं, बाईने घरात कारखाना मांडायचा नाही. शेवटी एवढंच बोलल्या, "नही चालनी ते बठजो परत टिक्या लावाले." नाही चालली तर परत टिक्यांना बस. म्हणजे बोलणं संपलं. सासूबाई एकदा बोलल्या की घरात दुसरं कोणी बोलायचं नाही.

ऑर्डर घ्यायला पर्वत पाटिया भागातल्या दुकानातून एक भाई घरी आला. काठियावाडी, गोडबोल्या, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी त्याला तीनदा विचारलं, दगडाचीच ना? कळणा दळेल ना? तो म्हणाला, "बेन, बद्धुं दळशे." सगळं दळेल. होळीच्या आत मशीन तुमच्या दारात.

होळी आली, पेटली, विझली. मशीनचा पत्ता नाही. मी नाक्यावरच्या पीसीओवरून फोन करायचे. दर वेळी एकच उत्तर, "माल निकळी गयो छे, बेन." माल निघाला आहे. अहो, कुठून निघाला आणि कुठे निघाला? एवढ्या दिवसांत माणूस पायी काशीला जाऊन येईल. गल्लीतल्या बाया पाणी भरताना विचारायच्या, "काय गं, निघाली का तुझी घंटी?" आणि हसायच्या. मीही हसायचे, पण आत जाऊन उशीत तोंड खुपसायचे. तोवर टिक्या लावणं चालूच होतं, डोळ्यांतून पाणी चालूच होतं. पाडवा झाला. अखाजी तोंडावर आली. अखाजी हा आमच्या लेकीबाळींचा सण, लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, आणि मी गल्लीभर सांगून बसले होते की यंदा अखाजीला तुमच्या लेकींना ताज्या कळण्याची भाकर मिळेल. मला तरी कोणी सांगितलं होतं एवढं मोठं बोलायला!

शेवटी टेम्पोतून खोकं आलं. उघडलं तर आत दगड नाही. पोलादी पात्यांची गोल डबी आणि खाली जाळी. मी भाईला फोन लावला. तो म्हणाला, "नवुं मॉडेल छे, बेन, एनाथी पण सारुं." नवीन मॉडेल, त्याहूनही चांगलं. मी म्हटलं, असेल बाई, आपल्याला काय कळतं. रीतीप्रमाणे मशीनला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि कळण्याचं दळण टाकलं. मशीन असं ओरडलं की शेजारचं लेकरू झोपेतून रडत उठलं. खाली पीठ आलं ते गरम, हातात धरवेना. दिसायला बारीक, सुरेख. पण परातीत भिजवलं तर त्याला चिकटपणाच नाही. थापायला घेतली की कडा फाटायच्या, उचलायला गेलं की मधून तुकडे. उकळतं पाणी घालून पाहिलं, तरी तेच. पातं पीठ कुटत होतं, जाळत होतं. दगड दळतो, हे कुटत होतं. सासूबाईंनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. "हाई पीठ शे का राख?" हे पीठ आहे की राख?

त्या दिवशी मी फार रडले. खोटं कशाला बोलू. आणि रडून झाल्यावर मला असा संताप आला की विचारू नका. मी त्या मोडक्या भाकरी फडक्यात बांधल्या, डोक्यावर पदर घेतला आणि रिक्षा करून पर्वत पाटियाला त्याच्या दुकानात गेले. दुकानात चांगली गर्दी होती. दोन शेठाण्या घंटीचीच चौकशी करत होत्या. मी काउंटरवर फडकं सोडलं आणि म्हटलं, "भाई, ही तुमच्या घंटीची भाकर. या बेनना पण द्या, त्यांनाही घ्यायची आहे ना?" भाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेठाण्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरल्या. तो हळूच म्हणाला, "बेन, तमे जाओ, हुं काले आवुं छुं." उद्या येतो. मी म्हटलं, उद्या आला नाहीत तर परवा अख्खी गल्ली घेऊन येईन, आणि प्रत्येकीच्या फडक्यात भाकर असेल.

आला. मान्य केलं पाहिजे, आला. पण माझी चूक शोधायलाच आला. गल्लीतल्या बाया दारात उभ्या, सासूबाई आत खाटेवर. त्याने मशीन उघडलं, आत बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं आणि असा उडाला, जणू विंचू चावला. "मीठुं! मशीनमां मीठुं नाख्युं छे!" मग त्याला जोरच आला. मशीनमध्ये मीठ कोण घालतं? जगात कुठे कोणी पीठ दळताना मीठ घालतं? लोखंड खराब होणार, पीठ बिघडणारच, आणि आता कंपनीची जबाबदारी संपली. चोराच्या उलट्या बोंबा! पण गंमत अशी की बाया दारातून मागे सरकल्या. कारण मीठ घातलं होतंच. आमच्याकडे कळण्यात मीठ दळणातच पडतं, आईच्या हातून, आजीच्या हातून तसंच पडत आलं. नाक्यावरचा घंटीवाला तेच सांगायचा, पण घरच्या मशीनलाही ते लागू पडेल हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला खाटेखालचं टिक्यांचं खोकं दिसलं.

आणि तेवढ्यात तो एक वाक्य जास्त बोलला. माणसाने जिंकल्यावर तरी गप्प बसावं. तो म्हणाला, तुम्हाला भाकरी थापताच येत नाही, त्याला मी काय करू. मी सुरतेत नवीन आलो तेव्हा हिऱ्याच्या कारखान्यात होतो, खोलीतल्या सगळ्या पोरांचे रोटले मीच थापायचो.

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. पण हा तर माझ्याच अंगणात उभा राहून मला नाच शिकवत होता! माझं डोकं सणकलं, आणि सणकलं तेच बरं झालं. मी म्हटलं, "मग भाई, तुम्हीच थापा. मीठ नको, उडीद नको, मेथी नको. तुमची बाजरी आणा, तुमच्या हाताने मशीन पुसा, तुमच्या हाताने दळा आणि तुमचा रोटला तुम्ही करा. झाला तर मी तुमची माफी मागेन आणि मशीन ठेवून घेईन. नाही झाला तर दगडाची घंटी."

सगळ्या बाया बघत होत्या. आता त्याला मागे सरता येईना. त्याने मशीन लख्ख पुसलं, नाक्यावरून बाजरी आणली, निवडली, दळली. पीठ तसंच गरम आलं. मी चूल... चूल कसली, स्टोव्ह पेटवून तवा ठेवला आणि परात पुढे सरकवली. भाईने बाह्या वर केल्या. मळताना हात बघितला आणि मला कळलं, खोटं बोलला नव्हता. हाताला खरंच सवय होती. गोळा तळहातावर घेतला, एका हातातून दुसऱ्या हातात थोपटत फिरवायला लागला, अगदी त्यांच्याकडच्या बाया करतात तसा. रोटला पुरीएवढा झाला आणि कडेने फाटला. त्याने बोटाने सांधला. परत फिरवला, परत फाटला. दुसरा गोळा घेतला, पाणी जास्त लावलं. तो तव्यावर टाकताना अर्धा हातात राहिला, अर्धा तव्यावर पडला.

बाया फिसकन हसल्या. मीही तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई खाटेवरून उठल्या. त्यांनी बायांकडे एकदाच बघितलं आणि हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी त्याच्या पुढची परात ओढली, गावाकडून आलेलं शेवटचं कळण्याचं पीठ काढलं आणि स्वतः दोन भाकरी थापल्या. टम्म फुगल्या. वर तेल, बाजूला ठेचा. "जेवी ले भाऊ, मंग बोल." आधी जेव, मग बोल. घरी आलेला माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, मग तो भांडायला का आलेला असेना.

तो मांडी घालून जेवला. ठेच्याच्या तिखटाने वाहणारं नाक पुसत जेवला. दुसरी भाकरी संपवल्यावर ताटाकडे बघतच म्हणाला, माझ्या बाच्या, म्हणजे आईच्या, हातचं जेवून बरीच वर्षं झाली. मग हात धुऊन माझ्यासमोर उभा राहिला. दगडाची जोडी कंपनीकडून महाग पडत होती, म्हणून हा माल पुढे सरकवला, असं त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. एक गोष्ट त्याने मागितली, मशीनमध्ये मीठ घालू नका, दगडाच्या घंटीलाही ते सोसत नाही. मी म्हटलं, मान्य. मीठ परातीत घालू. माझं चुकलं तेवढं मी धरलं, त्याचं चुकलं ते त्याने धरलं. सासूबाई म्हणाल्या, कळण्याचं मीठ परातीत, हे आमच्या सासूने ऐकलं असतं तर मला घरातून काढलं असतं. पण म्हणाल्या हसून.

दगडाची घंटी आली ती अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी. या वेळी भाई स्वतः टेम्पोत बसून आला, दगड स्वतः बसवले आणि पहिलं दळण हातात घेऊन बघितल्याशिवाय गेला नाही. पीठ कोमट, थोडं जाडसर, मुठीत दाबलं की मूठ धरून राहणारं. मी एक भाकरी थापली. ती तव्यावर फुगली तेव्हा मी कोणाकडेच बघितलं नाही, मला माझंच कौतुक वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसलं असतं.

दुपारपर्यंत दारात डब्यांची रांग लागली. माहेरी आलेल्या मुली, त्यांच्या आया, पलीकडच्या गल्लीतल्या बाया. घंटीचा आवाज, पिठाचा धुरळा, माझ्या भुवयाही पांढऱ्या. सासूबाई उंबऱ्यात बसून कोणाचा नंबर कोणाआधी ते ठरवत होत्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी डबा ठेवून त्यांना विचारायला लागली, "घंटी तुन्हा आंडोरनी का, माय?" आंडोर म्हणजे मुलगा. आमच्या घरात तोवर प्रत्येक वस्तू मुलाचीच होती. भाड्याची खोली मुलाची, सायकल मुलाची, मी लावलेल्या टिक्यांवर घेतलेला पंखासुद्धा मुलाचा.

सासूबाईंनी वळूनही न बघता उत्तर दिलं. "आंडोरनी नही. मन्ही सूननी शे."

डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते टिक्यांचं नव्हतं. पिठाच्या हाताने पुसता येईना, म्हणून तसंच वाहू दिलं आणि पुढचा डबा ओढला.