बागेच्या मागचं विधेयक

आमच्या पुण्याच्या घरात खेळणी कमी आणि पत्रकं फार. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे. मी अक्षरओळख केली तीच ‘बंधू-भगिनींनो’वर बोट फिरवून. अन्याय कोण करतंय हे पत्रकाच्या पहिल्या चार ओळींत आलंच पाहिजे, असं बाबा म्हणत. न्यूझीलंडला आल्यावरही मी तसंच लिहीत राहिले. त्या बुधवारी वेलिंग्टनच्या संसदेत मात्र मला त्या चार ओळी सुचेनात.

मी वहिनींबरोबर गेले होते. वहिनी ऑकलंडच्या हिल्सबरोत आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचे यजमान इंजिनीअर. एका शनिवारी क्रिकेट खेळून आले आणि दारातच कोसळले. वहिनींचा आणि लेकीचा व्हिसा त्यांच्या नोकरीला बांधलेला होता, तो आता महिनाअखेरीस संपणार होता. लेक इथल्या शाळेत रुळलेली. आईचं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी.

विरोधी बाकांवरच्या एका खासदार बाईंनी अशा कुटुंबांना राहू द्यावं म्हणून विधेयक तयार केलं होतं. खासदारांच्या स्वतःच्या विधेयकांचे नंबर इथे एका जुन्या बिस्किटांच्या डब्यातून काढतात. बाईंचा नंबर बरीच वाट पाहून लागला होता. त्यांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं, “पहिलं वाचन मंजूर झालं, की त्याच्या जोरावर मी मंत्र्यांकडे तुमच्यासाठी मुदत मागेन. त्याआधी मागून ते देणार नाहीत.”

सकाळच्या विमानाने आम्ही ऑकलंडहून गेलो. दारावर फोन, पर्स आणि मी रात्री जागून छापलेली पत्रकं जमा करून घेतली. गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, कठड्याला टेकायचं नाही.

आमच्या आधी एकच विधेयक होतं, कुठल्याशा गावातल्या बागेची जमीन नगरपालिकेच्या नावावर करण्याचं.

“आपलं कधी?” वहिनींनी कानात विचारलं.

“हे झालं की.”

“मग होईलच. बागेचं तर आहे.”

एक खासदार उठले. लहानपणी त्या बागेत एका बदकाने त्यांचं सँडविच पळवलं होतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. सगळं सभागृह हसलं, दोन्ही बाजूंचं. वहिनीही हसल्या. कित्येक आठवड्यांनी मी त्यांना हसताना पाहत होते.

“हस की गं जरा. परीक्षेला बसल्यासारखी काय बसलीस?”

मग आणखी एकांना बदक आठवलं. मग कारंजं. मग विधेयकाच्या नावात बाग म्हणावं की उद्यान, यावर एकामागून एक सहा-सात जण बोलले. त्यांत आमच्या खासदार बाईंच्या पक्षाचेही होते, कारण ते गाव त्यांच्यातल्याच एकाच्या मतदारसंघात येत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“वहिनी, हे वेळ काढतायत.”

“कशासाठी?”

“मागची विधेयकं आज येऊ नयेत म्हणून.”

वहिनींनी खाली नीट पाहिलं. “आपल्यासाठी एवढी माणसं बोलतायत होय? आमच्या मुंबईच्या सोसायटीच्या मीटिंगला पाणी बंद झालं तरी कुणी तोंड उघडत नसे.”

मी उठून कठड्यापाशी गेले. ओरडायचंच होतं. पण काय ओरडणार? ‘बदक पुरे’? आमच्या विरोधात तिथे एक शब्दही कुणी काढला नव्हता. पांढऱ्या केसांचे एक माओरी रखवालदार शेजारी येऊन त्यांच्या भाषेत नमस्कार करत हळूच म्हणाले, “किया ओरा, माय डिअर. बसून घे.” त्यांच्या आवाजात माया होती. मी बसले.

रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी खासदार बाईंचा सहायक वर आला आणि आम्हाला बाहेर घेऊन गेला. सुट्टीनंतरही बागच चालणार होती. अशा विधेयकांचा पुढचा बुधवार संसदेच्या सुट्टीनंतर, म्हणजे पुढच्या महिन्यात.

“तोवर यांचा व्हिसा संपेल,” मी म्हणाले.

“हो, माहीत आहे. आय ॲम सो सॉरी.” तो खरोखर ओशाळला होता. “खरं सांगतो, तुमच्या विरोधात कुणीच नाहीये.”

परतीचं विमान गाठायला आम्ही टॅक्सी केली. विमानतळावर वहिनींनी लेकीला फोन लावला. ती आमच्या घरी माझ्या नवऱ्यापाशी होती. ती काहीतरी विचारत होती आणि वहिनी म्हणत होत्या, “नाही गं, कुणी नाही म्हणालं नाही. सगळे चांगले होते. एकाने तर बदकाची गोष्ट सांगितली.” तिला ती गोष्ट त्यांनी पूर्ण सांगितली, अगदी हातवारे करून.

त्यांनी फोन ठेवला. मी मनात पत्रकाचा मजकूर जुळवत होते. ‘बंधू-भगिनींनो’ झालं, त्यापुढे कोणाचं नाव घालायचं ते कळेना. बागेचं? घड्याळाचं?

“तुला ते फोनवर तिकीट काढता येतं ना?” वहिनी म्हणाल्या. “मुंबईचं बघ. मुदत संपल्यावर राहून उगाच पोरीच्या नावावर डाग नको.”

“वहिनी, मी अजून एकदा बाईंना—”

“बघ तू.”

मी बघितलं. ऑकलंड ते मुंबई, एक मोठं माणूस, एक मूल. पुढे परतीची तारीख विचारली होती. मी फोन त्यांच्याकडे वळवला.

“ते रिकामं ठेव,” त्या म्हणाल्या.

मी रिकामं ठेवलं.