लय साफ केलास रे

यशवंतकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी अंबरनाथ पूर्वेला भाजी घेत होतो. "दादा, बाबा गेले," एवढंच त्यांची मुलगी वैशाली फोनवर म्हणाली. त्याला पाच आठवडे झाले. वीरचक्र मिळवलेला सुभेदार आणि पुढे हिंदी चित्रपटांतला नट, म्हणून अख्खं कात्रप त्यांना ओळखायचं. मी त्यांचा जुना शेजारी. त्यांच्याबाबतीत माझ्या हातून जे घडलं, ते मी इतकी वर्षं दडवलं...

फौजेतून निवृत्त झाल्यावर काका एका बंद कारखान्यात सिक्युरिटीला होते. तिथे शूटिंग आलं आणि दिग्दर्शकाने त्यांचं ताठ उभं राहणं पाहून त्यांना थेट मेजर केलं. मेलेल्या सैनिकांजवळ बसून एक वाक्य म्हणायचं होतं, "मेरे जवान सो रहे हैं, धीरे बोलो." काका म्हणाले, "मेरे पोरं सो रहे हैं." तीनदा सांगितलं, तीनदा तेच. लढाईत त्यांनी आपल्या तुकडीतल्या दोन पोरांना खांद्यावर टाकून डोंगरावरून खाली आणलं होतं. दुसरा शब्द त्यांच्या तोंडात येईना.

मी डबिंग करतो. स्टुडिओत तो प्रसंग दाखवून दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा त्यांचा ठेवू, आवाज तू दे." राहू द्या त्यांचाच, असं मी म्हणायला हवं होतं. मी माइकसमोर उभा राहिलो. काकांना सांगितलं, "तुमचा आवाज फक्त जरा साफ केलाय."

उल्हासनगरच्या थिएटरात आम्ही शेजारी बसलो होतो. ते वाक्य आलं, टाळ्या पडल्या. काका पडद्याकडेच बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "लय साफ केलास रे." पुन्हा कधी विषय काढला नाही.

पुढच्या चार चित्रपटांतही त्यांच्यासाठी मीच बोललो. लग्नात, जयंतीला लोक त्यांना अडवायचे, "मेजरसाब, डायलॉग होऊन जाऊ दे!" पहिल्यांदा काकांनी आपल्या घोगऱ्या आवाजात म्हटलं. कुणीतरी ओरडलं, "काय काका, पिक्चरसारखं पाहिजे ना यार!" मग काका तसं शिकले. माझं थांबणं, "धीरे"च्या आधीचा माझा श्वास... सगळं. एवढा मोठा माणूस माझी नक्कल करत होता आणि मी गर्दीत उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

काकांच्या पुण्यानुमोदनाला बुद्धविहारात सगळे जमले, तिथे पडद्यावर तोच प्रसंग लावला. वैशाली डोळे पुसत म्हणाली, "आवाज तरी राहिला बाबांचा. रोज सकाळी ऐकते." मी मान खाली घातली.

गेल्या रविवारी कात्रपला जाऊन सगळं सांगितलं. वैशालीने बाबांचा स्वतःचा आवाज शोधायला मोबाइलमधले घरचे व्हिडिओ एकेक करून लावले. वाढदिवस, नातीचं नामकरण... प्रत्येकात कुणीतरी "डायलॉग, डायलॉग" करतं आणि काका माझ्यासारखे बोलतात.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"बंद कर गं ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. चिडल्या नव्हत्या.

"मग ह्यांचा कुठाय, बाळू?"