हमीदचे बगळे

साल दोन हजार पंचवीस. मला एकाहत्तरावं लागलेलं, आणि हमीद गेला. दिवाळी होऊन थंडी पडली होती. संध्याकाळी आम्ही दोघांनी तलावात जाळं टाकलं, सकाळी काढू म्हणून आपापल्या घरी गेलो, आणि फटफटायच्या आत त्याचा धाकटा भाऊ दारात उभा. "महादूभाऊ, हमीदभाई गेले... झोपेतच." मी चप्पल शोधत राहिलो.

लिंबागणेश गावाच्या अलीकडं आमचा तलाव. तराफा एक, जाळं दोघांचं. उन्हाळ्यात पाणी आटून मधोमध डबकं उरलं की चिखलात हात घालून मरळ धरायची. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा जाळं बाहेर काढून नुसतं शिवत बसायचं. हिवाळ्यात रोहू, कटला खोल जातो आणि बोटं अशी आखडतात की गाठ सुटत नाही. अंड्यानं भरलेली मादी चुकून हाती आली तर हमीद तिला सोडताना म्हणायचा, "जा बाई, बाळंतपण उरकून घे."

"सुईण झालास का बे?"

"झालो. तू पाळणा बांध."

चार-पाच सालांपासून माझी नजर चालली. मोतीबिंदू. डोळ्याला सुरी लावू देणार नाही, हे मी घरात ठणकावलंय. पण किती दिसत नाही, ते कुणालाच सांगितलं नाही, हमीदलाही नाही. जाळ्याच्या खुणेला बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला दिसेनात, तरी वल्हं मी सोडलं नाही. तेव्हापासून हा पुढं बसून बडबडायला लागला. "महादू, डाव्या हाताला बगळा बघ, लई मोठा हाय." मी म्हणायचो, बघितला, आणि डावीकडं वळायचो. तिथंच बाटली असायची. एवढे बगळे त्या तलावावर कधी नव्हतेच. त्याला ठाऊक, मलाही ठाऊक... बोललं कुणीच नाही.

त्याला माती देऊन आलो तोवर दिवस कलला होता. जाळं पाण्यातच. अडकलेला मासा मरतो, सडतो, त्याच्या वासानं कासवं येऊन जाळं फाडतात. तलावावरचे बाकीचे म्हणाले, आम्ही काढून देतो. मी म्हणालो, हात लावायचा नाही. आज त्यांनी जाळं काढलं की उद्यापासून मी काठावर बसणारा म्हातारा, एवढं मला कळत होतं.

रात्री भाकरी तशीच राहिली. माझी बायको गया ताट उचलता उचलता म्हणाली, "उद्या मी येते तराफ्यावर."

"कावून? मला काय झालंय?"

"दिसत न्हाई तुमाला. हमीदभाऊंनी कवाच सांगितलंय मला. म्हनले, वहिनी, मी नसलो तर याला एकट्याला जाऊ देऊ नका." मग दारापर्यंत जाऊन वळली. "मला ते बगळे-बिगळे जमनार न्हाईत. इचारलं तर सांगन. न्हाई तर गप बसन."

मला हमीदचा राग आला. खरंच आला. पण भांडायचं कुणाशी...

दुसऱ्या दिवशी सकाळी गया पदर खोचून पुढं बसली. मी वल्हं मारत तराफा मधोमध नेला. ती गप्प. तराफा एकाच जागी फिरत राहिला, पाण्यावर नुसता पांढरा उजेड, आणि मी बराच वेळ हट्टानं वल्हं मारत राहिलो. मग हात थांबवले आणि विचारलं, "कुठं हाय गं?"